विट्याहून द्राक्षप्रदेशाकडे : वाइनरी आणि जेवणाच्या ठिकाणांची निवड

सांगली जिल्ह्यात द्राक्ष जितके परिचयाचे आहे तितकीच वाइन अपरिचित आहे, आणि विट्यासारख्या गावातून वाइनप्रदेश पाहायला निघालेल्या प्रवाशाच्या बहुतेक अडचणींचे मूळ याच विसंगतीत सापडते. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, जत आणि खानापूर या तालुक्यांतील बागायतदाराला छाटणीपासून तोडणीपर्यंत वेलीची प्रत्येक अवस्था तोंडपाठ असते. तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातील बोरगावातून पुढे आला, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळालेली आहे. परंतु हे सारे ज्ञान खाण्याच्या द्राक्षाचे आणि बेदाण्याचे आहे. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बी असते. खाण्याचा माल साधारण १६ ते १८ ब्रिक्सला उतरवला जातो, तर वाइनचा माल २२ ते २४ ब्रिक्सच्या आसपास तोडतात, ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः साखरेचे, शेकडा प्रमाण. मणी फुगवण्यासाठी घड जिब्रेलिक आम्लात बुडवण्याची सांगलीच्या बागेतील नित्याची रीत वाइनच्या बागेत पाळली जात नाही, कारण लाल वाइनला रंग, वास आणि तुरटपणा सालीतून मिळतो, आणि मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त राहते. त्यामुळे मांडवाखाली लोंबणारे टपोरे घड पाहण्याची सवय झालेला खानापूर तालुक्यातील पाहुणा वाइनच्या बागेतील बारके घड पाहून ती बाग हलकी ठरवतो, आणि तेथूनच त्याची निवड चुकायला लागते.

वाइनप्रदेश आपल्याच उंबरठ्यावर आहे, हा दुसरा समज पलूसमुळे निर्माण झाला. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि औद्योगिक विकास महामंडळामार्फत नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क, म्हणजे वाइन उद्योगासाठी राखीव औद्योगिक क्षेत्र, उभे करण्याचे ठरवले. पलूसच्या क्षेत्राला कृष्णा खोऱ्याचे नाव मिळाले, परिसरातील अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींची लागवड केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मंदीत मागणी घसरल्यावर त्यांतील कित्येकांना त्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या वाणांकडे वळावे लागले. ही हकीकत सांगली जिल्ह्याने विसरू नये इतकी महत्त्वाची आहे, कारण तिच्यामागे शेतकऱ्यांचे कष्ट आणि कर्ज आहे. मात्र प्रवाशाच्या दृष्टीने तिचा अर्थ इतकाच की पाहुण्यांचे स्वागत, बागेची फेरी, टेस्टिंगचे दालन आणि जेवण ही सोय नाशिकला जशी वाढली तशी पलूसला वाढली नाही. विट्याहून तासाभरात पलूस गाठून वाइनचा दिवस घालवता येईल, या अपेक्षेने निघालेल्या मंडळींना औद्योगिक वसाहतीतील बंद फाटके पाहून परतावे लागते.

विटेकरांसाठी खऱ्या अर्थाने तीन दिशा उरतात. पहिली नाशिकची, जी पुण्यामार्गे जवळपास ४०० किलोमीटर पडते आणि जिच्यासाठी किमान दोन मुक्काम हवेत. दुसरी सोलापूर जिल्ह्यातील अकलूज-माळशिरस भागाची, जेथे मोटेवाडी येथे फ्रातेल्ली ही वाइनरी आहे. इटलीतील सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून ती उभी केली, आणि इटालियन भाषेत भावांना जे म्हणतात तेच तिचे नाव झाले. तिसरी दिशा पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात रोटी गावच्या माळावर असलेल्या फोर सीझन्स वाइनरीची, जी फलटण-बारामतीमार्गे पुण्याकडे जाणाऱ्याला वाटेत घेता येते. असे असूनही विट्यातील जवळजवळ प्रत्येक बेत नाशिकपासून सुरू होतो, याचे कारण नाशिकचे नाव. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या सहलीसाठी हा क्रम उलटा असायला हवा. आटपाडी-दिघंची ओलांडून मोटेवाडीला जाणाऱ्याला एकच वाइनरी दिसते, पण ती पूर्ण दिसते; पूर्वनोंदणी केली असल्यास बाग, आंबवणाच्या टाक्या, ओकच्या लाकडाची पिंपे आणि टेस्टिंग या साऱ्यासाठी घाई न करता वेळ मिळतो, आणि माणदेशाच्या त्याच कोरड्या हवेत खाण्याच्या जातीपेक्षा वेगळी वेल कशी वाढवली जाते हे द्राक्षबागायतदाराच्या नजरेला तेथे सहज कळते.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव नाशिकचा आहे, आणि तो दिवाळीच्या सुटीतला आहे. गलाई व्यवसायाच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायाच्या निमित्ताने खानापूर-आटपाडी भागातील हजारो कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत; ती दसरा-दिवाळीला गावी येतात, त्यामुळे एकत्र सहलीचा बेत याच दिवसांत ठरतो, आणि नेमके हेच दिवस वाइनच्या बागेसाठी सर्वांत रिकामे असतात. महाराष्ट्रात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यात फळधारक काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यानंतर घड येतात. दिवाळीच्या वेळी वेल पोंग्यात, पालवीत किंवा फार तर फुलोऱ्यात असते. मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ होऊन त्यात साखर भरायला, पुढचे दोन-अडीच महिने लागतात. वाइनची तोडणी जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते, आणि त्या काळातच द्राक्ष फोडणाऱ्या यंत्रापासून टाकीतील आंबवणापर्यंत वाइनरी खऱ्या अर्थाने चालू असते. त्या दिवाळीत लहान मुलांना घड दिसले नाहीत, मोठ्यांना बंद यंत्रे दिसली, आणि प्रत्येक ठिकाणी गर्दी मात्र वर्षातील सर्वांत मोठी होती. ज्याने स्वतःच्या बागेत गोडी छाटणी उरकून नाशिकचा रस्ता धरला, त्यालाही तेथे घड लगडलेले असतील असे वाटावे, हा जाहिरातीतील छायाचित्रांचा प्रभाव म्हणावा लागेल. ज्यांना सुटी दिवाळीतच मिळते त्यांनी जाऊ नये असे नाही. परंतु त्यांनी बाग पाहण्याची अपेक्षा सोडून टेस्टिंग आणि जेवण एवढाच हेतू ठेवावा, आणि बाग पाहायची असल्यास जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ धरून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

नाशिकमधील वाइनरी एका ठिकाणी नाहीत, हे नकाशा न पाहता निघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा या एकमेकींच्या जवळ आहेत. दिंडोरीच्या बाजूला शँडन आहे, जेथे फसफसणारी वाइन, म्हणजे बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून वायू कोंडलेली वाइन, तयार होते. आणि इगतपुरी तालुक्यात संजेगाव परिसरात ग्रोव्हर झम्पा आणि वालोने आहेत. या तिन्ही बाजू एका दिवसात करण्याचा बेत कागदावर सोपा दिसतो, प्रत्यक्षात तो दिवस गाडीतच सरतो. प्रस्तुत लेखकासोबतच्या मंडळींनी एका दिवसात चार वाइनरी ठरवल्या होत्या. त्यांतील एक वाइनरी फक्त पूर्वनोंदणी केलेल्या पाहुण्यांना आत घेत होती, दुसरीत टेस्टिंगची पुढची पाळी दोन तासांनी होती, आणि शेवटच्या ठिकाणी पोचेपर्यंत कोणाच्याही जिभेला फरक कळण्याची शक्ती उरली नव्हती. एका दिवसात दोन वाइनरी, त्याही एकाच बाजूच्या, हे प्रमाण पुरेसे आहे, आणि त्यांची निवड करताना एक मोठी व एक लहान अशी जोडी ठेवणे हिताचे ठरते. सुलाचे उदाहरण घेतल्यास तेथील वाइननिर्मिती २००० च्या सुमारास सुरू झाली आणि २००५ मध्ये टेस्टिंगचे दालन उघडले, जे भारतातील अशा प्रकारचे पहिले मानले जाते. तेथे पद्धत बसलेली आहे, मार्गदर्शक शिकलेला आहे, आणि नवख्याला वाइनची प्राथमिक ओळख तेथे नीट होते. परंतु प्रश्न विचारायला, टाकीजवळ उभे राहायला आणि वाइन बनवणाऱ्या माणसाशी बोलायला लहान वाइनरीच योग्य असते.

लहान वाइनरी निवडताना फोनवर काही गोष्टी विचारून घेणे संकोचाचे मानू नये. द्राक्ष स्वतःच्या बागेतील आहे, करारशेतीतून आलेले आहे, की तयार रस किंवा वाइन बाहेरून आणून येथे फक्त बाटलीत भरली जाते. बाग त्याच आवारात आहे की दूर. कोणत्या जाती आहेत, आणि चालू हंगामातील तोडणी केव्हा सुरू होणार. टेस्टिंगमध्ये किती वाइन मिळतात, शुल्क किती आणि वेळा कोणत्या. वाइन न पिणाऱ्या सोबत्यांसाठी काय आहे. या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी वाइनरी बहुधा भेटीतही निराश करत नाही, आणि उत्तराऐवजी केवळ सूर्यास्ताचे व छायाचित्राच्या जागांचे वर्णन ऐकू आले तर त्या ठिकाणी वाइनपेक्षा देखाव्यावर भर आहे असे समजावे. गलाईच्या व्यवसायामुळे विट्याच्या माणसाला सोने दुकानाच्या पाटीवरून नव्हे तर कसावरून ओळखण्याची पिढीजात सवय आहे, आणि वाइनरीच्या बाबतीत हे प्रश्न म्हणजेच तो कस होय. देखाव्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. तो हवाच असेल तर त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी.

टेस्टिंगचा क्रम ठरलेला असतो व तो पाळावा : फसफसणारी, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल, आणि सर्वांत शेवटी गोड, कारण आधी गोड किंवा तुरट वाइन घेतली की पुढची हलकी वाइन पाण्यासारखी लागते. प्रत्येक घोट गिळण्याची सक्ती नसते. तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, आणि ते वापरणे असभ्यपणाचे नाही, उलट जाणकारीचे लक्षण समजले जाते. टेस्टिंगच्या आधी पान, सुपारी, तंबाखू किंवा जर्दा खाल्ल्यास चव मरते, आणि दिवाळीतले उंची अत्तर लावून गेल्यास स्वतःलाच नव्हे तर शेजारच्यालाही वाइनचा वास कळत नाही.

जेवणाच्या ठिकाणाची निवड वाइनरीपेक्षाही अवघड आहे, आणि विट्याच्या प्रवाशाची फसगत बहुतेक वेळा येथेच होते. वाइनरीच्या आवारातील भोजनगृहांत पिझ्झा, पास्ता आणि उत्तर भारतीय रस्से यांचा भरणा असतो, हे पदार्थ वाईट असतात असे नाही, परंतु भाकरी, पिठले आणि आमटीवर वाढलेल्या वडीलधाऱ्यांच्या पदरात तेथे फारसे काही पडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या त्या सहलीत दुपारची दुसरी टेस्टिंग संपवून मंडळी एका भोजनगृहात पोचली तेव्हा स्वयंपाकघर बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. मागवलेले पदार्थ उशिरा आणि कोमट आले, घरातील आत्या दही-भातावर उठल्या, आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या वाइनचा त्रास तरुणांना संध्याकाळपर्यंत झाला. बऱ्याच ठिकाणी दुपारी तीन-साडेतीनपासून संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर बंद असते, म्हणून जेवण टेस्टिंगच्या आधी उरकावे किंवा दोन टेस्टिंगच्या मध्ये ठेवावे, आणि जागा व वेळ दोन्ही फोनवर पक्की करावी. मोठ्या कुटुंबासाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दुपारचे जेवण वाइनरीच्या बाहेर, गंगापूर किंवा त्र्यंबक रस्त्यावरील मराठी थाळीच्या ठिकाणी घेणे, आणि वाइनरीच्या भोजनगृहात संध्याकाळी फक्त किरकोळ खाणे.

अशी ठिकाणे ओळखण्याची खूण सोपी आहे. यादी आखूड असावी, भाकरी मागितल्यावर थापून मिळावी, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होत असल्याचे विचारल्यावर स्पष्ट सांगितले जावे, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशीही स्थानिक कुटुंबे तेथे जेवताना दिसावीत. ज्या ठिकाणी केवळ परगावच्या गाड्या उभ्या असतात तेथे वाढणाऱ्याला पाहुणा पुन्हा येण्याची अपेक्षा नसते. नाशिकची मिसळ हा त्या शहराचा खरा अभिमान आहे, मोड आलेल्या मटकीवर झणझणीत रस्सा, सोबत पापड आणि दही, आणि ती टाळून कोणी परतू नये. फक्त टेस्टिंगच्या सकाळी ती खाऊ नये, कारण तिखटाने बधिर झालेल्या जिभेला त्यानंतर बराच वेळ पांढऱ्या वाइनचा हलका आंबटपणा जाणवत नाही. परतीच्या सकाळी ती निवांत खावी.

तिखट जेवण आणि वाइन यांची सांगड हा दक्षिण महाराष्ट्रातील माणसासाठी स्वतंत्र विषय आहे. लाल वाइनमध्ये साल आणि बी यांतून उतरलेले टॅनिन, म्हणजे जिभेला आकसवणारा तुरट घटक, असते. तांबड्या रश्श्याबरोबर ती घेतल्यास तिखट अधिक झोंबते, अल्कोहोल अधिक जाळते, आणि रस्सा व वाइन या दोन्हींचे नुकसान होते. मटणाबरोबर लाल वाइन हवी हा युरोपीय नियम तेथील कमी मसाल्याच्या मटणासाठी आहे. आपल्याकडील तिखटाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, कांदाभजीबरोबर थंड फसफसणारी, आणि खोबऱ्याच्या पांढऱ्या रश्श्याबरोबर मध्यम अंगाची पांढरी वाइन चांगली जमते. लाल शिराझ हवीच असेल तर ती चुलीवर भाजलेल्या, कमी मसाल्याच्या मटणाबरोबर घ्यावी. वाढप्याने महागडी लाल वाइन सुचवली म्हणून ती मागवण्याचे बंधन नाही, आणि आपण काय खाणार आहोत हे आधी सांगून मग वाइन विचारणाऱ्या पाहुण्याला चांगल्या ठिकाणी योग्य उत्तर मिळते.

कायद्याच्या बाजूकडे दुर्लक्ष करून चालत नाही. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. टेस्टिंगच्या दालनात २१ वर्षांखालील व्यक्तीला वाइन दिली जात नाही, म्हणून महाविद्यालयीन मुलांना सोबत नेताना हे आधीच सांगावे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी, तसेच मतदानाच्या काळात विक्री बंद असते. जोडून आलेल्या सुट्यांचा बेत आखताना हे लक्षात न घेतल्यास प्रवास व्यर्थ जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा ठरते, आणि टेस्टिंगचे पेले लहान असले तरी दोन ठिकाणचे मिळून ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. चालक कोण, हे विट्यातून निघतानाच ठरवावे, आणि त्याने त्या दिवशी एकही घोट घेऊ नये. घाटरस्ता, उसाच्या बैलगाड्या आणि अंधार यांचा विचार केला तर यात तडजोड करण्याजोगे काहीच नाही.

विकत घेतलेल्या बाटल्या घरी आणणे हेही निवडीचेच अंग आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते, वाइन फुगून बूच वर सरकते, आणि विट्यात पोचेपर्यंत ताज्या फळाचा वास जाऊन शिजवल्यासारखा वास येतो. त्या सहलीतील निम्म्या बाटल्या अशाच वाया गेल्या. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात घालून, वातानुकूलित गाडीत पुढच्या आसनामागे ठेवाव्यात आणि जेवायला थांबताना सावली शोधावी. घरी त्या स्वयंपाकघरातील मांडणीवर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि पांढरी वाइन वर्षा-दोन वर्षांत संपवावी, कारण येथील बहुतेक वाइन साठवून मुरवण्यासाठी बनवलेल्या नसतात. गलाई बांधवांसाठी याहून गंभीर गोष्ट अशी की गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून आणि बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे. दिंडोरीहून पुढे जाणारा रस्ता सापुताऱ्याला गुजरातच्या हद्दीत शिरतो, आणि सुरत-अहमदाबादच्या दुकानाकडे परतताना भेट म्हणून नेलेली एक बाटलीही तेथे गुन्ह्याला कारण होते. इतर राज्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे बाटली भेट द्यायचीच असेल तर ती महाराष्ट्रात राहणाऱ्यालाच द्यावी.

प्रत्येक कुटुंबात माळकरी असतात, मद्याचा वासही नको असणारे असतात, आणि त्यांना गाडीत बसवून ठेवून तरुणांनी आत जावे ही वागणूक शोभत नाही. अशा कुटुंबांनी नाशिकची दिशा सोडून फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास आपल्याच परिसरातील द्राक्षप्रदेश पाहावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. तासगाव-कवठेमहांकाळकडील आणि नागज-जुनोनी पट्ट्यातील बेदाणा शेडवर घड पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून जाळ्यांच्या थरांवर सावलीत पसरले जातात, कोरड्या वाऱ्यावर साधारण दोन आठवड्यांत त्यांचा बेदाणा होतो, आणि नंतर मळणी, प्रतवारी व पॅकिंग होऊन तो शीतगृहात जातो. तासगावच्या आणि सांगलीच्या बाजार समितीतील बेदाण्याचे सौदे पाहणाऱ्याला या पिकाचे अर्थकारण एका सकाळीत कळते. शेडवर किंवा बागेत जाण्यापूर्वी मालकाला विचारावे, कामाच्या ऐन वेळी गर्दी करू नये, आणि कोणी आग्रह केला तरी वेलीवरचा घड तोडून तसाच तोंडात घालू नये, कारण फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये राखायचे दिवस पूर्ण झाले आहेत की नाहीत हे फक्त बागायतदारालाच ठाऊक असते.